सरुबाईचा पितृपंधरवडा

लग्नं शहराबाहेर गेली आणि सरुबाईचं डोकं चालायला लागलं.

बिबवेवाडीत हिंदुराव मालकांचं मंगल कार्यालय. मालक कर्वेनगरला राहायचे, कार्यालय सरुबाई चालवायची. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, मागच्या खोलीत बिऱ्हाड, आणि पंगतीतल्या मिठापासून नवरदेवाच्या पळवलेल्या बुटापर्यंत सगळ्याला जबाबदार तीच. माहेर सासवडच्या खालच्या अंगाला. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी "आता कसं करणार?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली. "रडाय सवड कुनाला व्हती," एवढंच ती त्याबद्दल सांगायची.

एकोणीस वर्षं बरी गेली. मग हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या, पोरांच्या हातात पगार आले आणि त्यांच्या आईबापांना लग्नाला लॉन लागायला लागलं. घोडा नाचवायला जागा, शंभर मोटारी लावायला जागा. इथं बोळात दहा मोटारी लागल्या की अकराव्या मोटारीतला नवरदेव चालत यायचा.

२००७ साली गणपती उठले आणि मालक येऊन बसले.

"सरुबाई, दिवाळीनंतर हॉल कॉम्प्युटरच्या क्लासवाल्याला द्यावा म्हणतोय. निम्मं वर्ष आपण नुसता झाडून ठेवतो."

"आन् माझी खोली?"

मालक वर पंख्याकडं बघत बसले.

"निम्मं वरीस भाकड हाय म्हनूनच ना? मग भाकड दिवसांत हॉल लावून दावते. मग तर झालं?"

भाकड हा गोठ्यातला शब्द. गाय आटली की भाकड. ज्या दिवसांत लग्नाचा मुहूर्त नाही, त्या दिवसांना सरुबाई भाकड म्हणायची. त्यात पितृपंधरवडा म्हणजे भाकडातला भाकड. माणूस त्या दिवसांत नवा चमचा घेत नाही, हॉल कुठून घेणार?

मालक हसले. "लावा की. पण शेजारच्या सोसायटीची एक तक्रार आली, की विषय संपला. सह्या करून मोकळा होईन."

पंधरवड्याच्या तिसऱ्या दिवशी शुभंकर आला. केस खांद्यापर्यंत, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर वडाच्या पारंब्यांसारखी न वाचता येणारी अक्षरं. दिवसा झोपायचा आणि रात्री अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेची कॉम्प्युटरं जागी ठेवायचा. त्याला शनिवारी संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम करायचा होता आणि पुण्यात त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं.

"कसलं गानं?"

"मेटल. ब्लॅक मेटल आणि डेथ मेटल. चार बँड आहेत, मावशी."

"दोन्हीत फरक काय?"

शुभंकरनं जरा विचार केला. "ब्लॅकमध्ये किंचाळतात. डेथमध्ये गुरगुरतात."

"म्हंजी एकात मांजर आन् एकात डुक्कर. बरं. दारू?"

"नाही."

"बाटली दिसली तर तुझ्याच डोक्यात घालीन. रात्री धाला बंद. धा म्हंजी धा. आन् या हॉलमधनं मानूस उपाशी जात न्हाई, जेवन माझ्याकडचं."

"मावशी, मेटलच्या शोला कुणी जेवत नाही."

"माझ्या हॉलला जेवत्यात."

शुभंकरनं मान हलवली. त्याच्यापुढं दुसरा हॉल नव्हता, तिच्यापुढं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

शनिवारी दुपारी टेम्पो लागला. मोठमोठे स्पीकर उतरले तसे भिंतीपलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव फाटकाशी हजर झाले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांशी जुळवायचे.

"सरुबाई, पितृपंधरवड्यात मंगल कार्य? कुणाचं लग्न आहे, पितरांचं?"

"गान्याचा कार्यक्रम हाय, साहेब."

"अस्सं. टेम्पोतून उतरलेल्या त्या मुलानं तोंडाला चुना फासलाय, म्हटलं भिंती रंगवायला आलाय की काय." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद अर्धा वर काढून दाखवला. "तक्रार टाइप करून ठेवली आहे. फक्त वेळ भरायची बाकी आहे. दहानंतर एक मिनिट आवाज आला, की हा कागद चौकीत आणि याची प्रत हिंदुरावांकडे. आपण सुज्ञ आहात."

"धाला खटका मीच पाडनार हाय," सरुबाई म्हणाली. "तुम्ही बसा की खुर्ची टाकून. पितरांसंगं च्या देते."

बापूराव हसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

पाच वाजता सुरू झालं. पोरं किती, तर सगळा हॉल काळा. कुणी कोथरूडचं, कुणी मंडईमागचं, कुणी थेट ऑफिसातून गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच घेऊन आलेलं. पहिल्या बँडचा पहिला ठोका पडला आणि स्वयंपाकघरातल्या पराती मांडणीवर चालायला लागल्या. सरुबाईनं पराती खाली उतरवल्या आणि दारात येऊन बघितलं. स्टेजवर एक पोरगं कमरेत वाकून हेल्यासारखं हंबरत होतं. खाली दोनशे डोकी एका तालात वरखाली होत होती, रहाटाच्या पोहऱ्यासारखी. मध्येच पोरं एकमेकांवर जाऊन आदळायला लागली. ती झाडू घेऊन आत शिरणार, तेवढ्यात त्यातला एक जण पडला. चार जणांनी त्याला उचललं, त्याचा चष्मा शोधून दिला आणि पुन्हा आदळायला लागले.

"वरातीत तर पडल्यालाला तुडवत्यात," ती आचाऱ्याला म्हणाली आणि झाडू कोपऱ्यात ठेवला.

साडेसातला दुसरा बँड उतरला आणि तिनं माईक हातात घेतला. "पोरांनो, पानं मांडल्यात. चला."

कुणी हललं नाही.

"ज्येवल्याबिगर तिसरा चालू व्हनार न्हाई. खटका माझ्या हातात हाय."

मग बसली. मसालेभात, वांग्याची भाजी, ताक. पहिली पंगत लाजत जेवली, दुसरीनं भात तीनदा मागितला, तिसरीला आचाऱ्याला पुन्हा चूल पेटवावी लागली. पाऊण तासाचं काम दीड तासावर गेलं. आणि इथंच घोळ झाला. तिसरा बँड वाजवून उतरेपर्यंत पावणेदहा व्हायला आले. शेवटचा बँड शुभंकरचा, ज्याच्यासाठी एवढी सगळी मांडामांड. त्याच्या वाट्याला उरला चतकोर.

ड्रमवर मैत्री नावाची पोरगी होती, विश्रांतवाडीची. कंपनीत लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायची. स्टेजवर चढताना ती सरुबाईला एवढंच म्हणाली, "मावशी, भात झकास होता. पण आमचं गाणं खाल्लंत तुम्ही."

हे सरुबाईला लागलं. पण वेळ ती वेळ. ती स्टेजच्या बाजूच्या बोळात मेन स्विचखाली जाऊन उभी राहिली आणि तिथून हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवला.

शुभंकरनं मोबाइलवर वेळ बघितली. अकरा मिनिटं होती. त्यांचं एकच गाणं अकरा मिनिटांचं, तेच धरलं. मैत्रीचे दोन्ही पाय चालायला लागले तशी बोळातली जमीन थरथरली. शुभंकर असा गुरगुरला, की त्या सडपातळ पोरात एवढा आवाज कुठं मावत होता, देव जाणे.

चौथ्या मिनिटाला भिंतीवर दहा वाजले. सरुबाईनं खटका पाडला.

अंधार. दोनशे पोरांचा एकच "ओऽऽ". शुभंकर चाचपडत बोळात आला. "मावशी! सात मिनिटं बाकी आहेत अजून!"

"धा वाजल्यात. भिंतीवर बघ."

"मोबाइलवर त्रेपन्न झालेत!"

"मोबाइल तुझा. भिंत माझी."

तेवढ्यात विजेरीचा झोत आला. मागं बापूराव. सरुबाईनं मनात म्हटलं, आलाच कागद घेऊन. बापूरावांनी झोत आधी आपल्या मनगटावर धरला, मग भिंतीवर.

"सरुबाई, नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं झाली आहेत. आपलं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे."

आणि सरुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. भिंतीवरचं घड्याळ तिनंच पुढं ठेवलेलं होतं, एकोणीस वर्षं. लग्नघरात कोणतीच बाई वेळेत तयार होत नाही आणि भटजीला पुढच्या हॉलवर जायचं असतं; मुहूर्त चुकू नये म्हणून प्रत्येक कार्यालयात घड्याळ पळतंच ठेवतात. लग्नात ती ते ध्यानात धरून वागायची. आज लग्न नव्हतं, तर ध्यानातून पार गेलं.

आता खटका पडला होता. आवाज बंद, कागद खिशात, तक्रार नाही. तसंच राहू दिलं असतं तर सरुबाईची खोली वाचली होती. पुन्हा चालू केलं आणि पोरं थांबली नाहीत, तर दिवाळीनंतर तिनं बोचकं बांधायचं.

ती शुभंकरकडं वळली. "धापतूरचा सबुद दिलाय मी तुला. त्यात दीड तास पंगतीत घालवला. चल, हो वर."

"बोलण्यात दोन मिनिटं गेली, मावशी. पाच उरली. गाणं सात मिनिटांचं बाकी आहे. आणि मधूनच कसं सुरू करणार?"

"सप्तपदीत वीज गेली तर भटजी पहिल्या पावलापासनं धरतो व्हय? राहिलं तिथनं धर."

अंधारातून मैत्रीचा आवाज आला. "सातचं पाचात बसवते मी. तुम्ही फक्त माझ्यामागं पळा."

"धा वाजता खटका पडनार," सरुबाईनं हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं. "गानं संपू नायतर न संपू. साहेब, तुमचं घड्याळ माझ्या डोळ्यापुढं धरा."

बापूरावांनी हात पुढं केला. सरुबाईनं खटका वर केला.

मग जे झालं त्याला वाजवणं म्हणत नाहीत, हाकणं म्हणतात. शर्यतीच्या गाड्यासारखं ते गाणं मैत्रीनं हाकलं. गिटारवाल्यांच्या माना खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. खाली पोरं वेडी झाली. सरुबाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. डोळा बापूरावांच्या मनगटावर, हात खटक्यावर. एक मिनिट राहिलं. अर्धं राहिलं. बापूरावांची बोटं नकळत स्टेजच्या कठड्यावर ताल धरत होती, ती त्यांनी लगेच आवरली.

"दहा," बापूराव म्हणाले.

खटका पडला. गिटार मेली, माईक मेला. मैत्रीचे शेवटचे तीन ठोके अंधारात मोकळेच पडले, आणि त्यावर शुभंकरची शेवटची किंकाळी, माईकशिवाय, नुसत्या गळ्यानं. लांबलचक.

सरुबाईनं बापूरावांकडं बघितलं. ते किंकाळी संपेपर्यंत थांबले.

"गळ्याला खटका नसतो," ते म्हणाले. "कायदा लाउडस्पीकरचा आहे." विजेरी फाटकाकडं वळवून ते चालायला लागले. थोडं पुढं जाऊन थांबले. "मात्र फाटकासमोर दुचाक्या आडव्या लावल्या आहेत. तो वेगळा विषय."

"आत्ता सरळ करून घेते, साहेब."

तिनं दहा पोरं बाहेर काढून दुचाक्या ओळीनं लावून घेतल्या. आत दिवे लावले तेव्हा मैत्री काठ्या पिशवीत भरत होती. हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या, त्यातल्या दोन रक्तानं ओल्या. सरुबाईनं हळदीचा डबा पुढं सरकवला.

रविवारी सकाळी तिनं मालकांना फोन लावला.

"तक्रार आली?" मालकांनी आधी तेच विचारलं.

"न्हाई. आन् पौषातले दोन शनवार त्याच पोरांनी धरल्यात, वहीत लिवलंय. वटवाघळागत केसवाला आनखी एक जन उद्या येनार हाय." तिनं वही मिटली. "क्लासवाल्याला काय सांगू?"

मालक म्हणाले, "मीच सांगतो."

"आजच सांगा," सरुबाई म्हणाली आणि फोन ठेवला. परातींचा ढीग पडला होता. पदर खोचून ती नळाशी बसली.