पिवळी नखं

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी दिलेल्या बाटलीवर 'हळदीतलं कर्क्युमिन' असं लिहिलंय, हे मी चौथीत शाळा सोडलेला माणूस अक्षर लावत लावत वाचत होतो, तेवढ्यात झाकण निघालं आणि त्या वासासरशी डिचोलीच्या खाणीचं फाटक डोळ्यांपुढे उभं राहिलं. गोवा वेगळं राज्य झालं त्या वर्षी मी कोल्हापूरकडून तिथे फावडं मारायला आलो होतो. माझे तळहात फुटले, तेव्हा घरमालकीण बाई रोज संध्याकाळी ओली हळद वाटून, खोबरेल तेलात कालवून हातांना बांधायच्या. जखमा भरत आल्या, पण तांबड्या धुळीत माखलेल्या सगळ्या गड्यांत माझ्या एकट्याचीच नखं पिवळीजर्द दिसायला लागली. खाणीच्या कंपाउंडरने फाटकावरच, माझ्या डोळ्यांत न बघता सांगितलं, "कावीळ आहे, याला गावी पाठवा." गावी काम नव्हतं. मी म्हटलं, "हळद आहे ती. मी जाणार नाही." तो हसला. एवढ्यात माझा विसरलेला डबा घेऊन बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या पट्टीतली हळद बोटावर घेतली आणि त्याच्या गोऱ्या तळहातावर खसाखसा चोळली. "धुवून बघ. डाग वता? ना न्हू? मग आतां तुकाय कावीळ जाली. वच घरा!" कंपाउंडरलाच घरी जायला सांगितलेलं ऐकून सगळं फाटक हसलं, आणि मी कामावर गेलो. कर्क्युमिन काय काय बरं करतं ते बाटलीवर बारीक अक्षरांत आहे, मला ते नीट लागत नाही. पण त्या हळदीने माझे हात भरले आणि त्या बाईंनी माझे पाय इथे गोव्यात रोवले, हे मी कुठल्याही डॉक्टरसमोर मान वर करून सांगेन.