काचेच्या खोल्या आणि आमचे सर

साइटवर गेल्यावर आमचे आर्किटेक्ट सर आधी उदबत्ती पेटवायचे. पूजा असेल असं समजून गिऱ्हाइकं चपला काढून उभी राहायची. सर मात्र धूर कुठं वळतो तेवढंच बघत. "वारं कुठनं येतंय ते कळल्याबिगर खिडकी काढायची न्हाय," असं आम्हाला दटावत. कोल्हापुरात बसून आम्ही कोकणच्या किनाऱ्यावरची पर्यटक निवासं आखायचो. उतरत्या कौलांची, खोल पडव्यांची.

माणूस जीव लावणारा, पण तोंडानं फटकळ. पश्चिमेची भिंत उघडी ठेवलेला माझा नकाशा त्यांनी एकदा सगळ्यांसमोर टराटरा फाडला. "मे महिन्यात सोता झोप हितं, मग कळंल!" मी रडले, आणि रडतच दुसरा काढला. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

मग मालवणजवळचं काम आलं. मालक शिरोळकडचे बागायतदार. माझ्या आराखड्यात खोल्या सुरूच्या झाडांमागं होत्या, पुढं पडवी, वर वाऱ्याला वाट. मालकांनी कागद परत ढकलला.

"सायेब, गादीवर पडल्या पडल्या समुद्र दिसाय पायजे की! समदी काच लावा. अन् ती झाडं काढा."

आता सर याला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती.

"पोरगी नवी हाय," सर हसत म्हणाले. "बदलून देतो."

"सर, पश्चिम आहे ती!"

"आवाज खाली."

मालक गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपण सोडलं तर दुसरा कोणतरी करणारच हाय. मग आपण का न्हाय?" मी माझ्या पट्ट्या-पेन्सिली उचलल्या आणि निघाले. ते जिन्यापर्यंतही आले नाहीत.

ते निवास उघडल्यावर एका मे महिन्यात मी मुद्दाम तिथं जाऊन राहिले. तोडलेल्या सुरूंचे बुंधे वाळूत तसेच होते. दुपारी काचेला हात लावला की चटका बसायचा. ज्या समुद्रासाठी काच लावली, तो जाड पडद्यांमागं गेला होता. वीज गेली तशी माणसं लेकराबाळांसकट बाहेर पडली आणि शेजारच्या झावळ्यांच्या चहाटपरीत दाटीवाटीनं बसली. मीही बसले. सरांना तिथं आणून बसवावं, असं फार वाटलं.

यंदा एका लग्नात ते भेटले. चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही माझ्या हाताखाली तयार झाली."

"व्हय सर," मी म्हणाले. "म्हणूनच सोडून गेले."

सर मोठ्यानं हसले. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला आणि पंगतीत जाऊन बसले.