वहिनीचा होकार

वहिनी ‘हो’ म्हणाली आणि घर निर्धास्त झालं.

जेवणं आटोपली होती. हात पुसत दीर म्हणाला, “वहिनी, या वयात परदेशात शिकायला कसल्या जाताय? लेक बारावीला, आईचे गुडघे हे असे. पुढे बघू की.”

“हो,” ताटं गोळा करत वहिनी म्हणाली.

“मग तसं कळवून टाक विद्यापीठाला,” नवरा म्हणाला.

“हो.”

“शहाणी आहे माझी सून,” सासूबाईंनी शिक्कामोर्तब केलं.

वहिनीने भांडी घासली, ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज टाकला.

व्हिसा आला तेव्हा सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. “तू हो म्हणाली होतीस!” नवरा ओरडला.

“तुमचं ऐकत होते. ऐकताना हो म्हणतातच की.”

हे खोटं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिचा हो म्हणजे नुसता हुंकार होता. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा होकार करून घ्यायचे ते बाकीचे, आपापल्या सोयीने. या खेपेला सोय तिची झाली, इतकंच.

पालिकेच्या प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. गावभरातून बाटल्या यायच्या, ती तपासून ‘पिण्यायोग्य नाही’ असं लिहून वर पाठवायची, आणि पुढच्या महिन्यात त्याच नळाचं तेच पाणी पुन्हा तिच्यापुढे. नाही, नाही लिहून ती विटली होती. योग्य कसं करायचं, ते तिला शिकायचं होतं.

विद्यापीठात तिला वहिनी म्हणणारं कोणी नव्हतं. खोलीची खिडकी चार बोटंच उघडायची, स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं मिळून एक, आणि सिंकमध्ये कायम दुसऱ्याचीच भांडी. पहिल्या दिवशी तिने ती घासून टाकली. दुसऱ्या दिवशी ढीग दुप्पट झाला, तेव्हा तिने आपला पेला तेवढा विसळला आणि बाहेर पडली.

वर्गात पहिल्याच आठवड्यात गट पडले. वहिनीच्या गटात एक उंच मुलगा आणि एक आखूड केसांची मुलगी, दोघंही तिच्या लेकीहून जेमतेम मोठी. नदीचं पाणी तपासायचं, ते शुद्ध करायचा उपाय मांडायचा आणि वर्गापुढे बोलायचं. गुण गटाला मिळून एकच. यात नापास होईल त्याला आधी तयारीचं एक वर्ष काढावं लागणार, मगच हा अभ्यासक्रम. वहिनीची रजा एकाच वर्षाची होती. नापास झाली की बॅग भरायची.

कँटीनमध्ये दोघं भराभर बोलत होती. वहिनी मन लावून ऐकत होती. प्रत्येक वाक्याला हो, हो, बरोबर. निघताना दोघांनी तिचे इतके आभार मानले की ती खूश झाली. पोरं गोड आहेत, तिला वाटलं.

संध्याकाळी मोबाइलवर कामाची वाटणी आली. नमुने वहिनीने आणायचे, चाचण्या वहिनीने करायच्या, लिखाण वहिनीचं, वर्गापुढे बोलायचंही तिनेच. दोघं तिला ‘मदत’ करणार होती.

तिने नणंदेला फोन लावला. नणंद हसता हसता ठसकली. “अगं वहिनी, एवढ्या लांब जाऊन तू सासरच शोधलंस की!”

ते हसणं वहिनीला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिने दोघांना गाठलं.

“पण तू हो म्हणालीस,” मुलगी म्हणाली. तिथल्या भाषेत तू आणि तुम्ही एकच होतं. “एकदा नाही, प्रत्येक वेळी.”

“तो ऐकल्याचा हो होता.”

“मग खरा हो कसा ओळखायचा?”

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

“मी काय करणार ते पूर्ण वाक्यात सांगेन,” ती सावकाश म्हणाली. “नमुने मी आणणार. चाचण्या मी करणार. लिखाण मी करणार नाही. पाण्यात काय किती घालायचं, तो उपायाचा हिशोब मी करणार नाही. आता तुम्ही सांगा. पूर्ण वाक्यात.”

“ओके, ओके,” मुलगा म्हणाला.

“ओके हे वाक्य नाही.”

मुलगी हसली, पण लिखाण मी करणार असं म्हणाली. मुलाने खांदे उडवून हिशोब घेतला. वर्गापुढे ज्याने त्याने आपापल्या कामाचं बोलायचं ठरलं.

वर्गापुढे बोलायचा दिवस उजाडला. वहिनी अडखळत, पण न चुकता आपलं बोलून बसली. मुलीनेही निभावलं. मग मुलगा उठला, आणि प्राध्यापक बाईंनी विचारलं, “क्लोरीन एवढाच का? जास्त का नाही?”

मुलगा कागद चाळू लागला. त्याने वहिनीकडे पाहिलं. मुलीने टेबलाखालून तिला ढोसलं. उत्तर वहिनीच्या ओठावर होतं, वर्षानुवर्षं पाण्यातला क्लोरीन मोजून पाठ झालेलं. तो बोलला नाही तर तिघंही बुडणार होती. पण आज ती बोलली, तर वर्षभर तीच बोलणार, तीच लिहिणार, तीच कष्ट उपसणार. शिकणार कधी? तिने बोटं एकमेकांत घट्ट अडकवली आणि समोरच्या फळ्याकडे बघत राहिली.

बाई थांबल्या. वर्ग थांबला. अखेर मुलाने घसा खाकरला, एक आकडा चुकीचा सांगितला, थबकला, तो स्वतःच खोडला आणि तुटक तुटक का होईना, सांगून टाकलं.

गट काठावर पास झाला.

बाहेर आल्यावर मुलगा लालबुंद. “तुला येत होतं ना?”

“येत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काम तुझं होतं,” वहिनी म्हणाली. “पुढच्या खेपेला वाटण्या बदलू. नमुने तू आण, हिशोब मला हवाय. तोच शिकायला आलेय मी.”

त्याने पाठीवरची बॅग सावरली. “मला नमुना घेता येत नाही.”

“शनिवारी सकाळी नदीवर ये, दाखवते. बूट मात्र जुने घाल.”