पान दोनशे बारा, मुक्काम महाड

सत्तावन्नाव्या वर्षी बाई एकटी एसटीत बसून कुठे जाते? लग्नाला, दवाखान्यात, नाहीतर देवाला. मी महाडला गेले, एक अंगठा परत घ्यायला. हसू नका, सांगते.

झालं असं, की फोनची मेमरी भरली. मुलगी म्हणाली, आई, आधी ऑफिसचा ग्रुप साफ कर. म्हणून रविवारी चहा घेऊन बसले आणि एकेक सुप्रभात पुसत मागच्या वर्षापर्यंत पोचले. तिथे आमच्या साहेबांनी पुढे ढकललेला एक लांबलचक मेसेज सापडला. कुणाच्या दुकानातून सामान घेऊ नये, याचा उपदेश. ‘कुणाच्या’ म्हणजे शमीमच्या लोकांच्या. शमीम ही माझ्या शेजारच्या टेबलावरची, एकोणीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिच्या भावाचं महाडात किराणा दुकान आहे. तो मेसेज आला त्याच तासाला तिने ग्रुप सोडला आणि माझ्याशी बोलणंही. मला वाटायचं, ती सगळ्या ऑफिसवर चिडलीय, त्यात मीही आले. पण त्या मेसेजखाली सात अंगठे होते. कुणाकुणाचे म्हणून बोट लावलं, तर तिसरं नाव माझं.

मी न वाचता दिला होता. आमच्या वयाच्या बायका ग्रुपवर काय करतात? वाढदिवसाला केक, निधनाला हात जोडून, बाकी सगळ्याला अंगठा. भाजी निवडता निवडता दिला असेन. आणि मी ऑफिसात प्रसिद्ध कशासाठी, तर वाचनासाठी! चहा गार झाला आणि मी शनिवार आणि सोमवार अशा दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून काढला.

आता पुस्तकाचं. आमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. पहिली पंधरा मिनिटं शमीम जेवायची आणि मी मोठ्याने वाचायचे, मग मी जेवायचे आणि ती वाचायची. कपाटभर कादंबऱ्या आम्ही अशा खाल्ल्या. नियम एकच, एकटीने पुढे वाचायचं नाही. बोलणं बंद झालं तेव्हा एक विनोदी कादंबरी चालू होती. गावचा पोस्टमास्तर निवडणुकीला उभा राहतो, अशी. पान दोनशे बारा. खुणेला शमीमच्या पुलावातलं तमालपत्र, धुऊन वाळवलेलं. चार महिन्यांनी ती मुदतीआधीच निवृत्त होऊन महाडला गेली. निरोपाच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. आणि पुस्तक? ते माझ्याच खणात होतं, आणि अबोल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी दोन दिवसांत वाचून संपवलं होतं. तमालपत्र परत दोनशे बारावर ठेवलं, चोराने कुलूप लावून जावं तसं.

म्हणजे गुन्हे दोन. पहिला कबूल करायचा आणि दुसरा लपवायचा, असा बेत होता.

निघण्याआधी तिला मेसेज केला: ‘शनिवारी महाडला येतेय. पुस्तक आणतेय.’ उत्तर आलं. एक अंगठा.

त्या अंगठ्याचा अर्थ लावत मी अख्खा वरंध घाट उतरले. स्वारगेटहून महाडला भोरमार्गे गाड्या आहेत आणि ताम्हिणीमार्गेही. पावसाळ्यात वरंध बहुतेक बंदच असतो, तेव्हा चौकशी करूनच निघा. डिसेंबरात मात्र मस्त. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी दोनशेची नोट दिली आणि सुटे परत आले तेव्हा उगाचच श्रीमंत वाटलं. खिडकी मिळाली. भाटघर धरणाचं पाणी चमकत होतं, आणि मी मनातल्या मनात क्षमा मागायची वाक्यं जुळवत होते. वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली. तिथे कांदाभजी खाच, पण प्लेट छातीशी धरा. माझी दोन भजी माकडाने नेली, आणि तीही माझ्याकडे तुच्छतेने बघत.

मागच्या बाकावर दोन म्हातारबा राजकारण बोलत होते. एकाने विचारलं, आपला माणूस हल्ली कुठल्या पक्षात हाय? दुसरा म्हणाला, सकाळी इचारलंस तर सांगतो, आता दुपार झाली. गाडीभर हशा. मीही हसले आणि मग वाटलं, आपण हल्ली एवढंच करतो. हसतो, अंगठा देतो आणि भाजी निवडतो. तरुणपणी मी मोर्च्यात गेलेली बाई आहे. हे सगळं कधी बोथट झालं, कळलंच नाही.

महाडच्या स्टँडवर शमीम स्कूटरवर उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, हेल्मेट घालून! मला बघून पहिलं काय म्हणाली असेल? “डबा आणलास?”

मी कुठला आणतेय. “मग बस मागे,” म्हणाली. एवढंच. मी बसले, आणि बाजारातून त्या स्कूटरने जी वळणं घेतली, त्यापुढे वरंध घाट काहीच नाही.

तिचे यजमान सव्वीस वर्षं कुवेतला होते, आता कायमचे आले आहेत. त्यांनी फर्स्टक्लास चहा केला आणि दोघी बायका बोलणार हे ओळखून गच्चीवर पसार झाले. आम्ही बोललो. गुडघे, बीपी, पेन्शनचे कागद, माझ्या मुलीचं न जमणारं लग्न, तिच्या मुलाचं जमून बिघडलेलं. जेवायला दासगावहून आलेली ताजी मासळी आणि तांदळाची भाकरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पण दर भाकरीला वाटायचं, आता सांगावं, आणि दर वेळी ती म्हणायची, अजून घे.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांवर बसलो. समोर एक आजोबा नातीला पुतळ्याखालची अक्षरं बोट ठेवून वाचायला लावत होते. न वाचता अंगठा दिल्याची कबुली द्यायला याहून अवघड जागा महाराष्ट्रात सापडायची नाही. म्हणून तिथेच दिली.

“तो मेसेज मी वाचलाच नव्हता, शमीम. न वाचता अंगठा दिला. मला मागच्या रविवारी कळलं.”

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तू वाचला असतास तर साहेबांशी भांडली असतीस. भेळेच्या कागदावरची अर्धी बातमीसुद्धा तू उलटीपालटी करून वाचतेस, कुंदा. आणि जिथे माझ्या भावाच्या दुकानाचं लिहिलं होतं, नेमकं तेवढं वाचलं नाहीस. मला राग त्याचा आला.”

घाटात जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. मला रडू आलं. तिने रुमाल दिला, पण जवळ सरकली नाही. मग म्हणाली, उद्या पोलादपूरकडे कापड्याला जायचंय, आमच्या भाजीवाल्या इंदूबाईने वालाच्या शेंगांना बोलावलंय. डबा मी करते. पुस्तक घे बरोबर, बघू.

‘बघू’वर मी रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी एसटीने पोलादपूर, हायवेने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. स्टँडसमोर वडापाव आणि चहा झाला. मग शेअर रिक्षा, जिच्यात आम्ही सात जणी, एक कोंबडा आणि एक नवा मिक्सर होतो. (रायगड केला का, असं सगळे विचारतात. नाही केला. महाडजवळच्या नाते गावच्या फाट्यावरून रायगडाचा रस्ता आहे, तुम्ही जरूर जा.) भात कापून झालेलं, आणि उरल्या ओलीवर वालाचे वेल पसरलेले. इतकं हिरवं होतं, की मी त्या रिक्षात उभीच राहणार होते, कोंबड्याने हरकत घेतली.

इंदूबाई शमीमच्या दारावर भाजी विकायला येते. मुलगे दोघेही मुंबईत, घरी ती एकटी. तिने अंगणातल्या आंब्याखाली घोंगडी टाकली आणि मीठ घालून उकडलेल्या शेंगा टोपलीभर पुढे ठेवल्या. शमीमने डबा उघडला. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वांग्याची भाजी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हं. दोनशे बारा.”

मी तमालपत्र काढलं आणि वाचायला लागले. शमीम जेवू लागली. इंदूबाई शेंगा सोलत ऐकत होती. मध्ये मी पाणी प्यायला थांबले तर म्हणाली, थांबू नको गो, म्होरं वाच, त्या पोस्टवाल्याचं काय झालं? तिला अक्षरओळख नाही, पण तीन पानांत तिला गावातली सगळी पात्रं पाठ झाली होती.

पंधरा मिनिटं झाली. पुस्तक शमीमकडे, डबा माझ्याकडे. प्रसंग असा, की पोस्टमास्तरची पहिली जाहीर सभा आहे. मैदान भरलंय. तो व्यासपीठावर जातो, घसा खाकरतो आणि भाषणाचा कागद काढायला खिशात हात घालतो.

आणि मी फिस्सकन हसले. घास नाकात गेला.

शमीम थांबली. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माणूस खिशात हात घालतोय, बस्स. मी ठसका लागल्याचं सोंग केलं. पण इंदूबाईने शेंग खाली ठेवली.

“हिला म्होरचं ठावं हाय,” ती म्हणाली. “ही आधीच हसली.”

शमीमने पुस्तक मिटलं, आत बोट ठेवून. “कधी वाचलंस?”

“तू बोलायचं बंद केलंस त्याच आठवड्यात.”

“सगळं?”

“सगळं.”

“आवडलं?”

“नाही,” मी म्हणाले. “एकदाही हसू आलं नाही. हे पानसुद्धा वाचलं तेव्हा नुसतं वाचलं. आत्ता आलं.”

शमीमने पुस्तक उघडलं आणि आवाज चढवून पुढचं वाक्य वाचलं. पोस्टमास्तरच्या खिशातून भाषणाऐवजी बायकोने दिलेली वाणसामानाची यादी निघते. माघार घ्यायला जागा नसते, म्हणून तो तीच गरजून वाचतो: “पाव किलो हळद!” आणि सभा ओरडते: “मिळालीच पाहिजे!” मग अर्धा किलो गूळ, मग चार साबणवड्या, आणि टाळ्या वाढतच जातात. शमीमला पुढचं वाचवेना. ती हसत माझ्या खांद्यावर कोसळली, चौदा महिन्यांनी, आणि माझ्या साडीला जवळ्याची चटणी लागली.

इंदूबाई मात्र गंभीर होती. म्हणाली, “ह्यात खोटं काय हाय? आमी पन जातो सभेला. कोन काय बोलतो, ऐकतंय कोन? टाळी वाजवायची नि घरला यायचं.” आम्ही दोघी परत फुटलो.

दोनशे चाळीसपर्यंत गेलो. परतताना मी पुस्तक पिशवीत टाकायला गेले, तर शमीमने काढून घेतलं. “हे माझ्याकडे राहील. तुझा काय भरवसा?” एवढं गोड वाक्य मला गेल्या वर्षभरात कुणी ऐकवलं नव्हतं. महाडात तिच्या भावाच्या दुकानातून दोन किलो कडवे वाल घेतले आणि ताम्हिणीमार्गाच्या गाडीत बसले. त्या घाटातलं काहीच आठवत नाही, मी सबंध वेळ खिडकीकडे बघून एकटीच हसत होते.

पुण्यात पोचले, पाय धुतले, चहा टाकला आणि ग्रुप उघडला. तो मेसेज पहिल्यांदा शेवटपर्यंत, एकेक शब्द वाचला. निवृत्तीला चौदा महिने आहेत. माझा वार्षिक अहवाल साहेबच लिहितात, या सहलीची रजासुद्धा त्यांनीच मंजूर केली. तरी त्या मेसेजखालचा अंगठा काढला आणि लिहिलं:

‘मागच्या वर्षीच्या या मेसेजला मी न वाचता अंगठा दिला होता. आज वाचला. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे शमीमने ग्रुप सोडला. माझा अंगठा परत घेतला आहे. तिच्या भावाच्या दुकानातून उत्तम कडवे वाल आणले आहेत, मंगळवारी उसळ करून आणीन. ज्यांना हवी त्यांनी वाटी आणावी.’

पाठवला आणि फोन उपडा ठेवला. लगेच टिंग वाजलं. चार सेकंदसुद्धा झाले नसतील. एवढ्यात एवढं कुणी वाचूच शकत नाही.

पहिला अंगठा आला होता. साहेबांचा.

मी स्वयंपाकघरात खाली बसून हसले. त्याचा फोटो काढून शमीमला पाठवला. तिचं उत्तर आलं, या वेळी शब्दांत:

‘पाव किलो हळद!’

मी लिहिलं, ‘मिळालीच पाहिजे!’ आणि वाल भिजत घातले.