शाइस्ताच्या गाण्यात मामाचं नाव

पौडच्या बाजारपेठेत आमचं मांडव-स्पीकरचं दुकान आणि पीरमहंमद मणियारांचं बांगड्यांचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. त्यामुळे आज जिची हळदीची गाणी अख्ख्या मुळशीच्या मोबाईलवर वाजतात, त्या शाइस्ताचं पहिलं गाणं मी ऐकलंय, आणि तेही फुकट. लोक विचारतात, "वाल्मीकशेठ, तुम्हाला तेव्हाच कळलं असेल ना, पोरगी मोठी होणार?" छे! मला वाटलं होतं, गिऱ्हाइकांना कंटाळून एकटीच बडबडतेय.

ती कुठल्या क्लासात शिकलेली नाही. मुठ्यापासून माल्यापर्यंत कुठंही लग्न ठरलं की नवरीचा चुडा भरायला तिच्या आईला, बद्रुन्निसाभाभींनाच, बोलावणं यायचं. बरोबर बांगड्यांचा डबा घेऊन शाइस्ता. बायका हात पुढं करून ओळीनं बसायच्या आणि आपला नंबर येईस्तोवर हळदीची गाणी म्हणायच्या. गाणी चांगली, पण त्या घरातलं त्यात कुणीच नसायचं. शाइस्तानं एक दिवस आपल्या मनानं कडवं जोडलं. नवरीचा भाऊ उरवड्याच्या कंपनीत रात्रपाळी करून आलाय आणि बहिणीच्या हळदीत उभ्या उभ्या पेंगतोय, असं काहीतरी. बायका हसून हसून लोळल्या. पुढच्या घरी मागणी आली, "आमचंबी कर की गं!"

मग कुणीतरी ते मोबाईलवर टाकलं आणि पोरगी कुठल्या कुठं पोचली. आता ती प्रत्येक घराचं गाणं नव्यानं बांधते, चाल तिची, शब्द तिचे, ढोलकीला एक माणूस आणि स्पीकर आमचे. हल्ली लोक आधी शाइस्ताची तारीख घेतात, मग भटजींची. भटजी माझ्यापाशी तक्रार करतात. मी म्हणतो, तुम्हीपण मंत्रात आत्याबाईंचं नाव घ्या, मग बघा.

पण नावं घेणं म्हणजे खेळ नव्हे. लग्नघरात मान असतो, आणि मान काचेच्या बांगडीहून नाजूक. हे पीरभाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी लेकीला सुरुवातीलाच बजावलं होतं, "गा. पण ज्या दिवशी तुझ्या गाण्यानं एखाद्या घराचा मान दुखावला, त्या दिवशी माईक ठेवायचा आन गल्ल्यावर बसायचं. आपली बांगडी सगळ्या घरांत चालती." शाइस्ता "व्हय अब्बा" म्हणाली होती, आणि तिनं ते पाळलंही. माले गावच्या पिंकीच्या हळदीपर्यंत.

त्या दुपारी पीरभाई स्वतः चुड्याचं सामान घेऊन आले होते. शाइस्तानं पिंकीची आजी गोजराबाई यांच्याकडून सगळी नाती विचारून घेतली होती. तिची एक पद्धत आहे. मामाचं कडवं ती शेवटी ठेवते, कारण नवरीला मांडवात आणतो मामा, आणि त्या कडव्यावर सगळं घर नाचतं. पण मुठ्याहून आलेल्या हैबतरावमामांना ही पद्धत कुणी सांगितली होती? ते पुढच्या खुर्चीवर कोरा फेटा बांधून वाट बघत होते. आजोबा झाले, चुलते झाले, आत्या झाल्या. तेवढ्यात पिंकीचा भाऊ राजू ओरडला, "आमच्या बैलांचं घे!" त्याच महिन्यात त्यांच्या जोडीनं गाड्यांच्या शर्यतीत पहिला नंबर मारला होता. शाइस्ताला मोह आवरला नाही. तिनं दोन्ही बैल गाण्यात घेतले. मांडव डोक्यावर घेतला पोरांनी, मीही आवाज वाढवला.

हैबतराव ताडकन उठले. "बैलांची नावं झाली, मामाचं न्हाई! मामा काय जनावराच्या खालचा हाय व्हय?" असं म्हणून बायकोला घेऊन जे निघाले, ते थेट आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसले आणि काच वर केली.

लग्नात मामा रुसला नाही तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही, हे माझं जुनं मत. पण हा रुसवा लटका नव्हता. पिंकी हळदीच्या तोंडानं रडायला लागली. राजू काचेवर टकटक करून परत आला. मी पीरभाईंकडं पाहिलं. ते लेकीकडंच बघत होते, आणि तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आज हिचं गाणं संपलं.

शाइस्तानं बिनवायरचा माईक उचलला. "काका, स्पीकर बंद करू नका," मला म्हणाली आणि चालत पिकअपपाशी गेली. काचेसमोर उभी राहून तिनं राहिलेलं कडवं धरलं.

*मुठ्याचा मामा आला गं, अंगणी उभा राह्यला गं,*
*भाचीला मांडवी आणताना, डोळा त्याचा वाह्यला गं.*

ती रस्त्यावर गात होती आणि आवाज मांडवातून सगळ्या गावाला जात होता. काच हळूहळू खाली आली. हैबतरावांचा डोळा खरंच वाहत होता, पण ऐट कुठं जाते? ते म्हणाले, "आन माझ्या पाखऱ्याचं?"

त्यांच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. हा पाखऱ्या म्हणजे असा बैल, की शर्यतीत निम्म्यातूनच गर्दीकडं वळतो. शाइस्तानं दम घेतला, पण क्षणभरच.

*पाखऱ्या मामाचा लाडका गं, त्यालाबी हळद लावा गं,*
*शर्यतीत मागं राह्यला तरी, मांडवात पहिला यावा गं.*

हैबतराव दार उघडून उतरले ते नाचतच. मांडवात येऊन म्हणाले, "आता पहिल्यापासनं म्हण!" मग काय विचारता! गोजराबाईसुद्धा काठी टाकून नाचल्या. मी मेलो हसून.

आवराआवर चालली होती, तेव्हा शाइस्ता आपणहून वडिलांपाशी गेली आणि तिनं माईक त्यांच्या हातात दिला. "अब्बा, मान दुखावला. उद्यापासनं गल्ल्यावर बसते."

चुडा भरणारे लोक बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "चुडा भरताना एखादी बांगडी वाढतीच, पोरी," पीरभाई म्हणाले. "म्हणून नवरीचा हात कुणी सोडतं का? दुसरी चढवायची." त्यांनी माईक परत तिच्या हातात ठेवला. "फकस्त इथून पुढं मामाचं आधी घे."

"आन बैलांचं?"

"मामाला इचारून," पीरभाई म्हणाले, आणि तिच्या गालाला लागलेली हळद आपल्या रुमालानं पुसू लागले.