मार्थाचं गुलाबी हॅम

आधी तो चहा संपवून घ्या, नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं होईल. कारण एवढा मोठा घोळ मी नोकरीतसुद्धा एकट्यानं कधी घातला नव्हता. तिथे निदान घोळावर साहेबाची सही तरी असायची!

बोरीवलीत आमच्या समोरच्या दारात मार्था राहते. तिचं आमचं नातं फ्रीझरचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या घरात मासा चालत नाही, अगदी गोठलेलासुद्धा. म्हणून बुधवारी संध्याकाळी आमची सुरमई मार्थाच्या फ्रीझरमध्ये माहेरपणाला जाते आणि शुक्रवारी परत येते.

मग मार्गशीर्षातले गुरुवार संपल्यावर, नाताळच्या तोंडावर मार्था फॉइलचं गाठोडं घेऊन दारात आली, तर नाही कसं म्हणणार?

"काका, हॅम आहे. डुकराचं. माझा फ्रीझर भरलाय हो. सासूबाई पहिल्यांदाच नाताळला माझ्या हातचं जेवणार आहेत. ठेवाल ना?"

"ठेवतो काय, गरमसुद्धा करून देतो!"

हे मला कोणी विचारलं होतं का? नाही.

"मग ऐका. आदल्या दिवशी फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर नको हं! सकाळी आम्ही चर्चमधून येईपर्यंत जरा पाणी शिंपडून, झाकून, मंद आचेवर नुसतं गरम करा. बस्स!"

बर्फ सुटेपर्यंतचं काम मी चोख केलं. नाताळच्या सकाळी फॉइल उघडलं आणि बघतो तर काय! आत गुलाबी! तान्ह्या बाळाच्या गालासारखं गुलाबी! जन्मभर मटण खाल्लंय मी. गुलाबी म्हणजे कच्चं, एवढं कळतं मला.

"अगं शुभा, पोरगी हे शिजवायलाच विसरली!"

बायकोनं नाकाला पदर लावून लांबूनच पाहिलं. "तिला फोन करा."

"केला. बंद आहे, चर्चमध्ये असेल. सासू पहिल्यांदा जेवायला येतेय आणि ताटात कच्चं मांस? पोरीची अब्रू आपल्या हातात आहे!"

"आपल्या नाही, तुमच्या. आणि माझ्या कुकरला हात लावायचा नाही!"

मी माळ्यावरचा जुना कुकर काढला. हॅमचे तुकडे केले, हळद, मीठ, आलं-लसूण चोळलं आणि दणादण शिट्ट्या काढल्या. तुकडा कापून पाहिला. वरून पिवळा, आतून गुलाबी! पुन्हा शिट्ट्या. पुन्हा गुलाबी! एवढं हट्टी मांस मी पाहिलं नव्हतं. शेवटी मालवणी मसाला आणि खोबऱ्याचं वाटण घालून लालभडक रस्साच करून टाकला. आता दाखव म्हटलं तुझा गुलाबी!

बेल वाजली. दारात मार्था, मागे काठाच्या लुगड्यातल्या सासूबाई.

"मार्था, घाबरू नकोस," मी पातेलं पुढे केलं. "कच्चं राहिलं होतं, मी निस्तरलं."

"कच्चं? काका, मी शिजवूनच फ्रीझ केलं होतं!"

"पण गुलाबी..."

"हॅम गुलाबीच असतं, काका! आधी मिठात मुरवतात ना!"

मिठात! आणि मी वरून आणखी मीठ घातलं होतं. वाट लागली! मार्थाचे डोळे भरून आले. शुभा माझ्याकडे अशी बघत होती, की पातेल्यात उडी मारावीशी वाटली.

सासूबाईंनी शांतपणे चमचा मागितला. रस्सा चाखला, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी देवाचं नाव घ्यायला लागलो. कुठल्या, ते आठवत नाही.

"खारट झालंय. बटाटे टाक," त्या म्हणाल्या. "पण पोरी, दर नाताळला हॅम चावून चावून माझा जबडा दुखतो. हे बघ, नुसतं विरघळतंय! आणि तिखट आहे गं, चांगलं सणसणीत. मला अजून वाढ."

मार्था हसली. हुश्श! आणि शुभानं, पदर नाकावरून काढून, स्वतः बटाटे सोलून दिले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात याहून मोठी माफी मला मिळालेली नाही.

जाता जाता सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा बाबा आचारी होता का गं?"

"नाही आई, सरकारी ऑफिसात कारकून होते."

"तरीच! झालेलं काम पुन्हा करून ठेवलंय."