डाव्या चाकाचे उलटे आटे

ती घटना आठवली की इतक्या वर्षांनंतर आजही माझे डोके तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या आरोपींचा असा राग कधी आला नाही. कोणाला दारू नडली होती, कोणाला शेताच्या बांधा-धुऱ्यावरचे भांडण. ह्या प्रकरणातला माणूस मात्र रोज पहाटे अंघोळ करून पूजा करणारा आणि लोकांना शिस्त शिकवणारा होता. त्याच्या पाठीशी उभे राहिलेले तर त्याच्याहून सभ्य. कोणाचेही नाव मी येथे लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. मी नागपूरच्या पश्चिम भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्या हद्दीत नोकरदारांची एक नवी वसाहत उभी राहिली होती. बैठी घरे, पुढे चार फुलझाडे, लोखंडी फाटके. तिथे एक विधवा शिक्षिका एकट्या राहत. त्यांचे पती इंजिनियर होते. त्यांनी कधीतरी लिलावात एक जुनी, अवजड अमेरिकन गाडी घेतली होती आणि नवरा-बायको मिळून ती घरीच दुरुस्त करीत. पती हृदयविकाराने गेले. गाडी विकून टाका, असे सगळ्यांनी सांगितले. बाईंनी ती ठेवली. शाळा लांब होती, बसचा भरवसा नव्हता, आणि गाडीची कामे स्वतःला येत होती.

दर रविवारी सकाळी त्या पतीचा जुना शर्ट-पायजमा घालून गाडीखाली शिरत. तेल बदलणे, प्लग घासणे, ब्रेक जुळवणे, चाकांचे नट आवळणे, सगळे स्वतः. हे मला कसे ठाऊक, तर एक निनावी अर्ज ठाण्यात आला होता. 'सदर बाई पुरुषी वेशात उघड्यावर पडून असते, परपुरुष गाडी दाखवण्याच्या मिषाने येतात, वसाहतीतील मुलीबाळींवर वाईट परिणाम होत आहे,' वगैरे. चौकशी करणे भाग होते. मी गेलो तेव्हा फाटकातून फक्त दोन पाय दिसत होते. बाई बाहेर आल्या, हात पुसले, अर्ज वाचला आणि परत केला. म्हणाल्या, "साहेब, गॅरेजमध्ये गाडी टाकून तिथे बाकावर बसून राहिले, तर त्याचाही अर्ज येईल." ते खरेच होते. मी अर्ज दप्तरी दाखल केला.

त्यानंतर हिवाळा आला. एका सकाळी बाई शाळेला निघाल्या. वसाहतीच्या बाहेरच्या वळणावर गाडीचे पुढचे डावे चाक निखळले. गाडी रस्त्यावर घासत थांबली. सुटलेले चाक मात्र गडगडत पुढे गेले आणि दूध घालून सायकलवर परतणाऱ्या एका गवळ्यावर आदळले. त्याच्या मांडीचे हाड मोडले. बाईंनी त्याला लोकांच्या मदतीने रिक्षात घातले, सरकारी दवाखान्यात पोहोचवले आणि तिथून सरळ ठाण्यात येऊन वर्दी दिली. कायद्याप्रमाणे मला गुन्हा त्यांच्यावरच नोंदवावा लागला. हयगयीने वाहन चालवून गंभीर दुखापत. बाई एवढेच म्हणत राहिल्या की रविवारी ते नट मी स्वतः आवळले होते.

मी पंचनाम्याला पोहोचलो तोवर वसाहतीतले लोक जमले होते. कोणी बाईंना पाणी विचारले नाही. "होणारच होतं," असे जो तो म्हणत होता. त्यात आनंद होता, तो लपतही नव्हता.

पंचनाम्यात दोन गोष्टी दिसल्या. चाकावरची चकचकीत टोपी नालीत सापडली आणि तिच्या आत तीन नट पडलेले होते. म्हणजे टोपी बसवलेली असतानाच नट आत सुटून पडले होते. दुसरी गोष्ट, चाकाचे बोल्ट तुटलेले नव्हते, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एल अक्षर कोरलेले होते. आमच्या ठाण्याच्या जुन्या जीपचेही असेच होते, म्हणून मला त्याचा अर्थ कळला. अशा गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. नेहमीचा नट ज्या बाजूला फिरवल्यावर सैल होतो, त्याच बाजूला हा आवळला जातो. धावत्या चाकाने नट आपोआप सुटू नये म्हणून ती रचना असते. ज्याला हे माहीत नाही, तो पान्यावर उभा राहिला तरी नट सुटत नाही, उलट जास्त घट्ट बसतो.

मी बाईंना विचारले की ही गोष्ट आणखी कोणाला माहीत आहे.  त्या म्हणाल्या की नुसत्या संशयावर मी कोणाचे नाव घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गवळ्याचा जबाब घ्यायला गेलो. पायाला वजन टांगलेले, चेहरा सुकलेला. मला वाटले होते की हा बाईंच्या नावाने शिव्या देईल. पण तो म्हणाला, "सायब, त्या बाईचा काही कसूर नाही. ते गाडी हळूच चालवते, मी रोज पाहून राहिलो. तिच्यावर केस काहून केली?" मग त्याने आपण होऊन सांगितले की त्या पहाटे तो वसाहतीत दूध घालत असताना बाईंच्या फाटकातून एक माणूस बाहेर निघाला. माकडटोपी, अंगावर शाल. तोंड दिसले नाही. पहाटे लोक एकमेकांच्या बागेतली फुले तोडतात, तसाच कोणी असेल असे त्याला वाटले. "पण फुलाची पिशवी नव्हती त्याच्यापाशी. फडक्यात गुंडाळून काही तरी जड होतं."

ही खबर हाती आल्यावर मी वसाहतीतल्या लोकांना एकेक करून ठाण्यात बोलावले. बहुतेकांनी काही पाहिले नव्हते, पण बाईंविषयी मते सगळ्यांकडे होती. शेवटी वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष आले. एका कार्यालयात वरच्या हुद्द्यावर होते. इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध. गणपती, वर्गणी, नळाच्या वेळा, सगळे त्यांच्या सल्ल्याने चाले. त्यांनी मला कायदा आणि समाज या विषयावर बरेच ऐकवले. बायका गाड्या दुरुस्त करू लागल्या तर असे अपघात रोज होतील, पोलिसांनी वेळीच बंदोबस्त करायला हवा होता. मी ऐकत होतो. मग स्वतःचे म्हणणे पक्के करण्यासाठी ते म्हणाले, "अहो, त्या बाजूचे आटे उलटे असतात. हिने आवळताना सरळ फिरवले असतील. आवळते आहे असं समजून सैल केले."

माझा हवालदार लिहिता लिहिता थांबला. मी त्याला लिहीत राहा असे खुणेने सांगितले. अध्यक्षांकडे मोटार नव्हती, स्कूटरही नव्हती. ते सायकलने कार्यालयात जात. त्यांना हे कसे ठाऊक, असे मी सहज विचारले. ते म्हणाले, वाचनात आले. मी त्यांना जाऊ दिले.

त्यानंतर त्यांच्या घरी गेलो. ते कार्यालयात होते. दार त्यांच्या पत्नीने उघडले. माहेर नरखेडकडचे, बोलणे मोकळे. बाईंबद्दल विचारायला आलो आहे म्हटल्याबरोबर त्यांनी मला बसवले आणि न विचारता सांगू लागल्या. पावसाळ्यात त्यांच्या पोटात असह्य दुखू लागले होते. पाऊस कोसळत होता, वाहन मिळेना. बाईंनी गाडी काढली आणि नवरा-बायकोला घेऊन धंतोलीतल्या दवाखान्याकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत डावे चाक पंक्चर झाले. अध्यक्ष बाईंना म्हणाले की तुम्ही बाजूला व्हा, हे बायकांचे काम नव्हे, आणि पाना घेऊन झटू लागले. नट हलेना. ते पान्यावर पाय देऊन उभे राहिले तरी हलेना. पानटपरीवर आडोशाला उभी असलेली माणसे हसू लागली. शेवटी बाईंनी त्यांच्या हातातून पाना घेतला, उलट बाजूने फिरवला आणि पाहता पाहता चाक बदलले. त्याच दिवशी अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. आणखी उशीर झाला असता तर आत फुटले असते, असे डॉक्टर म्हणाले.

"त्या बाईनं माझा जीव वाचवला, साहेब," त्या म्हणाल्या. "मी तं साऱ्या कॉलनीत सांगतलं. यांना बी म्हटलं, मले शिकू द्या गाडी. बाई शिकवतो म्हणते."

हे सगळे त्या कौतुकाने सांगत होत्या. आपण काय सांगतो आहोत ह्याची त्यांना कल्पना नव्हती. माझा हात थांबला होता. त्यांचे लक्ष त्याकडे गेले.

"तुम्ही लिहिणं काहून थांबवलं?"

मी वही मिटली.  त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खुंटीवरच्या शालीकडे पाहिले; त्या पहाटे नवरा तीच पांघरून बाहेर गेला होता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या म्हणाल्या की कोळशाच्या कोठीत फडक्यात गुंडाळलेले काहीतरी आहे, मला वाटले नळाचा पाना असेल.

मी तिथे हात लावला नाही. पंच बोलावले, रीतसर पंचनामा केला आणि खुंटीवरची शाल व कोठीतला चाकाचा मोठा पाना जप्त केला. पाना भंगार बाजारातून घेतलेला होता. विकणाऱ्यानेही पुढे अध्यक्षांना ओळखले, कारण अशा साहेबी कपड्यातले गिऱ्हाईक त्याच्याकडे क्वचितच येई.

संध्याकाळी अध्यक्षांना ठाण्यात आणले. मी आवाज चढवला नाही. पाना टेबलावर ठेवला आणि तो आपण वाचनालयातून आणला होता का, एवढे विचारले. आधी त्यांनी माझ्या वरिष्ठांची नावे घेतली. मग पत्नीचा जबाब ऐकवला, तेव्हा खचले. म्हणाले, मारायचे नव्हते. अद्दल घडावी, गाडी बंद पडावी, म्हणजे बाई ताळ्यावर येईल. त्या पंक्चरनंतर लोक आपल्याला हसत होते. घरात बायकोही गाडी शिकायचे म्हणू लागली होती. "वसाहतीचं वळण बिघडत होतं, साहेब. कोणीतरी काही करायलाच हवं होतं." हे वाक्य ते मान वर करून बोलले. ज्या बाईने आपल्या बायकोला भर पावसात मरणाच्या दारातून परत आणले, तिच्याच गाडीचे नट त्याने पहाटे पूजेच्या आधी सैल केले होते, आणि वर त्याला ते समाजकार्य वाटत होते!

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण पाना होता, भंगारवाला होता, गवळी होता. बाईंवरचा गुन्हा मी निकाली काढायला पाठवला आणि अध्यक्षांना अटक केली. मी सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचे कलम लावले होते.

त्यानंतर जे घडले त्याने मी जास्त चिडलो. वसाहतीचे शिष्टमंडळ ठाण्यात आले. सगळे शिकलेले. सज्जन माणूस आहे, नोकरी जाईल, बाईंना खरचटलेदेखील नाही, आपसात मिटवून टाका. मी विचारले की गवळ्याचे काय. त्यांच्यापैकी एकालाही त्याची आठवण झालेली नव्हती. त्याच माणसाचे दूध ते वर्षानुवर्षे पीत होते. वरूनही निरोप आले. आरोपपत्र जाईपर्यंत माझे कलम गळाले आणि हलकी कलमे तेवढी राहिली. कोर्टात वसाहतीतला एकेक साक्षीदार येऊन काही आठवत नाही म्हणून सांगून गेला.

मग अध्यक्षांच्या पत्नी उभ्या राहिल्या. मला खात्री नव्हती. बाईंनी तर त्यांना निरोप पाठवला होता की तुम्हाला त्याच घरात राहायचे आहे, साक्ष दिली नाही तरी माझा राग नाही. पण त्यांनी पंक्चरची हकिगत जशीच्या तशी सांगितली, शाल ओळखली, कोठी सांगितली. बचावाच्या वकिलाने विचारले की पतीविरुद्ध बोलताना लाज वाटत नाही का. त्या म्हणाल्या, "वाटते. पण ते त्यांच्यापायी वाटते."

शिक्षा झाली, ती अपिलात दंडावर आली. गवळी आयुष्यभर लंगडत राहिला. सायकल चालवता येईना, तेव्हा त्याने दुधाचा धंदा भावाला दिला. बाई त्याच्या घरी जात राहिल्या. वसाहतीने काय करावे? सभा घेऊन ठराव केला की घरापुढे उघड्यावर वाहन दुरुस्त करू नये, शोभा जाते. सभेचे अध्यक्ष तेच. बाईंनी तो ठराव वाचला आणि पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे गाडीखाली गेल्या. अध्यक्षांच्या पत्नी काही महिन्यांनी माहेरी निघून गेल्या, असे कानावर आले.

ह्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढे हाताखालच्या प्रत्येक पोरसवदा फौजदाराला सांगत आलो. बाईच्या चालचलणुकीबद्दल निनावी अर्ज आला की अर्जातल्या बाईची चौकशी करण्याआधी तिच्याभोवतीच्या माणसांची करा. धोका बहुधा तिकडून असतो. आणि कायद्यावर फार विसंबू नका. पाना फिरवणाऱ्याला मी कोर्टात उभे करू शकलो. अपघातस्थळी उभे राहून समाधानाने "होणारच होतं" म्हणणाऱ्या त्या सगळ्यांसाठी माझ्याकडे कलम नव्हते, आजही कोणाकडे नाही. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा ह्या बाबतीतला निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.